फोकस नेमका पडतो कुठे

जवळून टिपलेल्या चेहऱ्यात पापण्या किंचित धूसर आणि कानामागचे केस मात्र एकेक मोजता यावेत इतके रेखीव आले, की संशयाची सुई सर्वप्रथम लेन्सकडे वळते. लेन्स नवी असेल तर ती बदलून घ्यावीशी वाटते, जुनी असेल तर दुरुस्तीला टाकावीशी वाटते. या घाईची मला नेहमीच हळहळ वाटते, कारण त्या एका फोटोत निदान पाच संशयित एकत्र उभे असतात. शटर दाबताना हललेला हात, फोकस घेतल्यानंतर पुढेमागे झुकलेली व्यक्ती, डोळ्याऐवजी भलत्याच जागी टेकलेला फोकस पॉइंट, कॅमेरा आणि लेन्स यांचे आपसात न जुळलेले माप आणि सर्वांत शेवटी स्वतः लेन्स. एक ट्रायपॉड, एक पुठ्ठा आणि एक मोजपट्टी एवढ्या साहित्यावर या पाचांना घरच्या घरी एकमेकांपासून वेगळे काढता येते. काम संथ आहे, पण आपल्या हातातले यंत्र कशावर चालते आणि कुठे अडते याची इतकी जवळून ओळख दुसऱ्या कशाने होत नाही, म्हणून मी ते मनापासून करत आलो आहे.

सुरुवात अंतरांच्या हिशेबापासून करावी लागते, कारण फोकस किती सरकला म्हणजे तो चुकला म्हणायचे, हे ठरल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढा असतो) ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे तिचे छिद्र किंवा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, दोन मीटरवरच्या व्यक्तीचा फोटो घेतला, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, रूढ हिशेबाने जेमतेम साडेचार सेंटिमीटर भरतो. सेन्सरवरचा ०.०३ मिलिमीटर व्यासाचा ठिपका डोळ्याला बिंदूच भासतो, असे हा हिशेब धरून चालतो आणि ते गृहीतक बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी ठरलेले आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहणारा माणूस नकळत पाचपट कडक परीक्षा घेत असतो आणि त्याच्या लेखी तो साडेचार सेंटिमीटरचा पट्टा एका सेंटिमीटरहूनही अरुंद होतो. उभ्या माणसाचा नुसता तोल सावरण्यातही एवढे अंतर सहज इकडेतिकडे होते. म्हणूनच ज्याच्यासाठी ही सारी खटपट करायची तो माणसाचा चेहरा चाचणीसाठी मात्र सर्वांत निरुपयोगी ठरतो. चाचणीला हवी अजिबात न हलणारी वस्तू, अजिबात न हलणारा कॅमेरा आणि आधी मोजून ठेवलेले अंतर.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकस ठरवणारा सेन्सर आणि चित्र टिपणारा सेन्सर हे दोन वेगळे भाग असतात. ज्याला आपण फ्रंट फोकस (हव्या जागेच्या पुढे पडणारा) किंवा बॅक फोकस (मागे पडणारा) म्हणतो, त्या सातत्याने एकाच बाजूला जाणाऱ्या चुकीचे मूळ बहुतेक वेळा याच एका गोष्टीत सापडते. समोरचा मुख्य आरसा अंशतः पारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडून खाली, आरशाच्या कप्प्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकस मॉड्यूलकडे वळतो. लेन्सपासून त्या मॉड्यूलपर्यंतचा मार्ग आणि लेन्सपासून चित्राच्या सेन्सरपर्यंतचा मार्ग तंतोतंत सारखा असावा लागतो. तंतोतंत म्हणजे किती, तर एफ/१.४ वर रूढ हिशेबाने दोन्ही बाजूंना ०.०४ मिलिमीटर आणि पिक्सेलच्या कडक हिशेबाने ०.०१ मिलिमीटरहूनही कमी. ज्या जोडगोळीतला प्रत्येक आरसा दर क्लिकला उठतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो, तिच्याकडून आपण एवढ्या अचूकतेची अपेक्षा धरतो, आणि ती बहुतांशी पुरीही होते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. ऑटोफोकसची यंत्रणा कॅमेऱ्याच्याच अंगात सामावून घेणारा आणि बाजारात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेला पहिला एसएलआर, मिनोल्टा ७०००, हा १९८५ साली आला. तेव्हाही प्रकाश असाच खाली वळवून मोजला जाई. तेव्हाच्या छायाचित्रकारांनी फ्रंट फोकसची एवढी चर्चा केली नाही, कारण फिल्म स्वतःच गेटमध्ये पूर्ण सपाट बसत नसे आणि प्रत्येक फ्रेम भिंगाखाली शंभर टक्के मोठी करून कोणी पाहत नसे.

कॅमेऱ्याच्या बनावटीत थोडी सूट धरलेली असते, लेन्सच्या बनावटीतही धरलेली असते. दोन्ही आपापल्या मर्यादेत बसत असूनही त्यांच्या चुका एकाच दिशेच्या असल्या तर त्यांची बेरीज होते, आणि विरुद्ध दिशेच्या असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. एका कॅमेऱ्यावर रडकुंडीला आणणारी लेन्स दुसऱ्यावर निर्दोष चालते, ती यामुळे. तेव्हा चाचणी लेन्सची नव्हे, जोडीची असते, आणि अमुक लेन्स फोकसला वाईट आहे हे विधान कोणत्या कॅमेऱ्यावर, हे सांगितल्याशिवाय मला अपुरे वाटते.

मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी हा प्रश्न मुळापासून सोडवला. तेथे चित्र टिपणारा सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे दोन मार्गांची लांबी जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यामुळे चाचणीची गरजच संपली, हे म्हणणे मला पटत नाही. अ‍ॅपर्चर बंद करताना सरकणारा फोकस, तिरपी बसलेली काचेची घटकभिंगे, अ‍ॅडॉप्टरची (परकी लेन्स कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या कडीची) चुकीची जाडी आणि दर वेळी थोडा वेगळा येणारा निकाल, हे सगळे मिररलेसवरही शिल्लक राहते. त्यांच्याकडे येण्यापूर्वी मांडणीबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण घरच्या चाचण्या बिघडतात त्या बहुधा मांडणीतच.

सर्वांत लोकप्रिय मांडणी अशी की टेबलावर छापील मजकुराचा कागद किंवा मोजपट्टी आडवी ठेवायची, तिरप्या कोनातून मधल्या ओळीवर फोकस घ्यायचा आणि कोणती ओळ स्पष्ट आली ते पाहायचे. मी ही पद्धत पुराव्यादाखल कधीच स्वीकारत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा फोकसचा चौकोन आणि प्रत्यक्ष मोजणी करणारा सेन्सरचा भाग एकाच आकाराचे नसतात. प्रत्यक्ष भाग बहुधा चौकोनाबाहेरही पसरलेला असतो. तिरप्या कागदावर त्या पसरलेल्या भागात पुढच्या आणि मागच्या दोन्ही ओळी येतात, आणि जी ओळ अधिक ठळक छापलेली असेल तिच्यावर कॅमेरा स्थिरावतो. त्यात कॅमेऱ्याचा काहीच दोष नसतो. त्याला जे दाखवले त्यातले सर्वांत ठळक त्याने निवडले, एवढेच.

म्हणून फोकस घेण्याची वस्तू आणि निकाल वाचण्याची वस्तू वेगळ्या असाव्यात. जाड पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या मोठ्या चौकटी छापून चिकटवाव्यात आणि तो पुठ्ठा सेन्सरला समांतर, सरळ उभा करावा. फोकस फक्त त्याच्यावर घ्यावा. त्याच्या बाजूला, चौकटींपासून थोड्या अंतरावर, मोजपट्टी ४५ अंशांत तिरपी लावावी आणि तिची मधली खूण बरोबर पुठ्ठ्याच्या पृष्ठभागाच्या रेषेत आणावी. लेन्सअलाइन, स्पायडर लेन्सकॅल ही तयार साधने नेमकी याच तत्त्वावर बनवलेली आहेत. पट्टी तिरपी असल्यामुळे तिच्यावरचे दहा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्ष खोलीतले सुमारे सात मिलिमीटर, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

पुठ्ठा खरोखर समांतर आहे की नाही, हे नजरेने ठरवू नये. त्यासाठी एक जुनी आणि फार सुंदर युक्ती आहे. एक छोटा सपाट आरसा पुठ्ठ्यावर घट्ट टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून त्यात पाहायचे. लेन्सच्या पुढच्या काचेचे गडद वर्तुळ आरशात दिसते. ते वर्तुळ फ्रेमच्या अगदी मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉडचे डोके आणि पुठ्ठा हलवत राहायचे. ते मध्यावर आले, की आरशाचे प्रतल आणि सेन्सरचे प्रतल समांतर झाले. पाणसळ आणि गुण्या लावून अर्धा तास खटपट केली तरी जे साधत नाही, ते या आरशाने काही क्षणांत साधते.

अंतराबाबत सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पटींचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी सव्वा ते अडीच मीटर, ८५ मिलिमीटरसाठी साधारण दोन ते सव्वाचार मीटर. ठोकताळा म्हणून तो ठीक आहे. माझा कल मात्र आपण प्रत्यक्ष ज्या अंतरावरून फोटो काढतो त्याच अंतरावर लेन्स तपासण्याकडे आहे, कारण फोकसची चूक सर्व अंतरांवर सारखी असते असे नाही. सिग्माने २०१३ साली आणलेल्या यूएसबी डॉकमध्ये आणि नंतर टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलमध्ये एकाच लेन्ससाठी वेगवेगळ्या अंतरांच्या वेगवेगळ्या दुरुस्त्या, म्हणजे फोकस पुढे-मागे सरकवणारे आकडे, भरता येतात. सिग्माच्या झूम लेन्समध्ये तर चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरे मिळून सोळा. उत्पादकांनीच अशी सोय करून दिली, यावरून एका आकड्याने सगळे भागत नाही हे उघड होते. ज्यांच्या कॅमेऱ्यात एकच आकडा भरता येतो, त्यांनी तो आपल्या नेहमीच्या अंतरासाठी भरावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकाश भरपूर आणि शक्यतो दिवसाचा असावा. पिवळट दिव्याखाली फेज डिटेक्शनचा (आरशाखालच्या मॉड्यूलच्या फोकस मोजण्याच्या पद्धतीचा) निकाल थोडा सरकू शकतो, कारण लेन्स सर्व रंगांचे किरण नेमक्या एकाच प्रतलात आणत नाही आणि फोकसच्या सेन्सरला तांबड्या-अवरक्त बाजूचा प्रकाश चित्राच्या सेन्सरहून वेगळ्या प्रमाणात दिसतो. आधी दिवसाच्या प्रकाशात तपासावे आणि दिव्यांखाली बरेच काम करणाऱ्यांनी नंतर त्या दिव्यांखालीही पडताळून पाहावे. बाकी शिस्त ठरलेली आहे. लेन्समधले स्टॅबिलायझेशन बंद, शटर टायमरने किंवा रिमोटने, आरसा आधी वर, मधला एकच फोकस पॉइंट, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, आणि कॅमेऱ्यातले शार्पनिंग कमीत कमी.

यानंतरचा भाग माझ्या दृष्टीने साऱ्या चाचणीचा गाभा आहे. एक फोटो काढून पट्टी वाचायची आणि निकाल जाहीर करायचा, असे करून चालत नाही. दर फोटोआधी फोकसची रिंग मुद्दाम दूर न्यावी, एकदा अनंताकडे आणि एकदा अगदी जवळच्या टोकाकडे, आणि मग कॅमेऱ्याला नव्याने फोकस घेऊ द्यावा. असे बरेच फोटो काढून ते एकापुढे एक ठेवले की दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. पहिली गोष्ट, फोटो एकमेकांत किती फरकाचे आहेत. दुसरी, त्या सगळ्यांचा मध्य पट्टीच्या शून्यापासून किती दूर आहे. पहिलीला मी विखुरलेपण म्हणतो आणि दुसरीला सरक. सरक ही दुरुस्त करता येते. विखुरलेपण कोणत्याही आकड्याने दुरुस्त होत नाही, कारण ते त्या मोटरच्या, त्या गिअरच्या आणि त्या मोजणीच्या स्वभावाचा भाग आहे. विखुरलेले निकाल समोर असताना त्यातल्या एका फोटोवर विसंबून दुरुस्तीचा आकडा भरणे म्हणजे चांगल्या घड्याळाचे काटे एका चुकीच्या ठोक्यावर जुळवणे. अनंताकडून आलेले सगळे फोटो एका बाजूला आणि जवळून आलेले सगळे दुसऱ्या बाजूला पडत असतील, तर लेन्सच्या यंत्रणेत दिशा बदलताना ढिलेपणा आहे, हे निदान झाले, आणि तेही आकड्याने बरे होणारे दुखणे नव्हे.

तुलनेसाठी एक खात्रीचा आधार लागतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे आरसा वर ठेवून सेन्सरवरचे चित्र मागच्या पडद्यावर पाहताना, ते दहापट मोठे करून, हाताने रिंग फिरवून, पुठ्ठ्यावरच्या चौकटींच्या कडा सर्वांत धारदार होतील तिथे थांबून काढलेले फोटो हा तो आधार. तेथे आरशाचा मार्ग आडवा येत नाही, त्यामुळे ही लेन्स या सेन्सरवर जास्तीत जास्त काय देऊ शकते ते कळते. ऑटोफोकसचे सर्वांत चांगले फोटो या आधाराइतके धारदार असतील, तर लेन्सच्या काचेबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. आधाराचा फोटोच मऊ आला, तर ऑटोफोकसला दोष देण्यात अर्थ नाही.

आता पट्टी कशी वाचायची ते. स्पष्ट पट्ट्याचा एक तृतीयांश भाग फोकसच्या पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो, हे वाक्य छायाचित्रणाच्या बहुतेक वर्गांत शिकवले जाते, आणि त्याच्या आधारे पट्टी वाचणारे हमखास फसतात. हे प्रमाण फक्त एका विशिष्ट अंतरावर, हायपरफोकल अंतराच्या (ज्यावर फोकस घेतला असता अनंतापर्यंतचे सारे स्पष्ट दिसते त्या सर्वांत जवळच्या अंतराच्या) एक तृतीयांशावर, खरे ठरते. चाचणीच्या जवळच्या अंतरांवर आणि मोठ्या अ‍ॅपर्चरवर पट्टा पुढे आणि मागे जवळजवळ सारखाच पसरतो. म्हणून पट्टीवरच्या स्पष्ट भागाची दोन टोके शोधून त्यांचा मध्य काढला, तर तोच फोकसचा बिंदू मानायला हरकत नाही.

पण टोके शोधणे कठीण असते. धारदारपणा हळूहळू मावळत जातो आणि तो नेमका कुठे संपला, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. येथे लेन्सचाच एक दोष आपल्या मदतीला येतो. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या बहुतेक लेन्समध्ये लांबीच्या दिशेने वर्णीय विपथन असते, म्हणजे वेगवेगळे रंग थोड्या पुढे-मागे अंतरांवर फोकस होतात. फोटो शंभर टक्के मोठा करून पट्टीवरच्या काळ्या रेघा पुढून मागे निरखत गेले, तर कॅमेऱ्याजवळच्या रेघांच्या कडांना जांभळट-गुलाबी झाक दिसते. ती झाक मागे जाताना फिकट होत जाते, एका ठिकाणी रेघ स्वच्छ काळी आणि तिच्या शेजारचा कागद स्वच्छ पांढरा होतो, आणि त्याच्या पलीकडच्या रेघांना हिरवट कड येऊ लागते. गुलाबी आणि हिरवा यांच्या मधली ती रंगहीन रेघ म्हणजे फोकस. धारदारपणाचा मावळता उतार जिथे डोळ्याला चकवतो, तिथे रंगांची ही अदलाबदल फार ठळकपणे बोलते. ज्या वर्णदोषाबद्दल एरवी तक्रार होते, त्याचाच मापासाठी असा उपयोग व्हावा, यात मला खरा आनंद वाटतो.

डोळ्यावर भरवसा नसेल त्यांच्यासाठी आणखी एक साधा उपाय आहे. एकाच पुठ्ठ्याचे, एकाच एक्स्पोजरचे आणि एकाच आयएसओचे जेपेग फोटो शेजारी ठेवून त्यांच्या फाइलचे आकार पाहावेत. बारीक तपशील जितका अधिक, तितकी ती फाइल कमी आवळली जाते, त्यामुळे सर्वांत मोठी फाइल बहुधा सर्वांत धारदार फोटोची निघते.

दुरुस्तीची सोय कॅमेऱ्यातच मिळू लागली ती २००७ च्या सुमारास, कॅननच्या वन-डी मार्क थ्री आणि निकॉनच्या डी-३, डी-३०० या कॅमेऱ्यांपासून. दोघांचीही पट्टी उणे २० ते अधिक २० अशी आहे, आणि दोघांकडेही अधिकचा आकडा फोकस कॅमेऱ्यापासून दूर, तर उण्याचा आकडा जवळ आणतो. हे आकडे मिलिमीटर नव्हेत, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. त्याच आकड्याने एका लेन्सवर पट्टीवरचा बिंदू जेमतेम हलतो आणि दुसरीवर चांगलाच. म्हणून मी हिशेब न करता उणे १०, शून्य आणि अधिक १० असे दूरदूरचे आकडे आधी लावून, त्यांतला चांगला कोणता ते पाहून, मग त्याच्या आसपास बारीक शोध घेतो. कॅननच्या पुढच्या काही कॅमेऱ्यांत झूम लेन्सच्या दोन टोकांसाठी वेगळे आकडे भरता येतात, आणि निकॉनने २०१६ साली डी-५ आणि डी-५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूच्या फोकसशी ताडून आकडा आपोआप काढण्याची सोय दिली. ती सोय वापरणाऱ्यांनीही एकदा निघालेला आकडा अंतिम मानू नये. ती पुन्हा पुन्हा चालवून येणारे आकडे किती पसरतात ते पाहावे, कारण विखुरलेपणाचा नियम तिलाही लागू आहे.

एक पद्धत तर फोटो न काढताच चालते. लाइव्ह व्ह्यूमध्ये अचूक फोकस करून लेन्स हातच्या फोकसवर टाकायची, रिंगला स्पर्श न करता व्ह्यूफाइंडरकडे परतायचे, आणि दुरुस्तीचे आकडे एकेक बदलत फोकस झाल्याचा हिरवा ठिपका कोणत्या आकड्यांवर स्थिर पेटतो ते नोंदवायचे. तो जिथे पेटू लागतो आणि जिथे विझतो त्यांचा मध्य म्हणजे आपला आकडा. डॉटट्यून या नावाने ती ओळखली जाते. लेन्सची मोटर या पद्धतीत फिरतच नाही, त्यामुळे मोजणीची सरक मोटरच्या विखुरलेपणापासून आपोआप वेगळी पडते. हाच तिचा मोठा गुण आहे.

काही चुका मात्र कोणत्याही आकड्याला जुमानत नाहीत. त्यांतली सर्वांत गोंधळात टाकणारी चूक म्हणजे अ‍ॅपर्चर बंद करताना फोकसचे सरकणे. गोलीय विपथन पुरते न घालवलेल्या लेन्समध्ये काचेच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांहून वेगळ्या ठिकाणी एकत्र येतात. अ‍ॅपर्चर बंद झाले की कडेचे किरण अडतात आणि उरलेल्या किरणांचे मीलनस्थान वेगळे पडते. फोकस पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर घेतला आणि फोटो एफ/२.८ वर निघाला, की स्पष्ट पट्टा साधारणतः मागे सरकलेला आढळतो. झाइसची ५० मिलिमीटर एफ/१.५ सी-सोनार या स्वभावासाठी प्रसिद्ध आहे आणि कॅननच्या ईएफ ५० मिलिमीटर एफ/१.२ लाही हा गुण चिकटलेला आहे. याची चाचणी अगदी सोपी आहे. एकदा फोकस घेऊन रिंगला हात न लावता एफ/१.४, २, २.८, ४ आणि ५.६ असे फोटो काढावेत आणि पट्टीवरचा मध्य कसा चालत जातो ते पाहावे. एफ/५.६ च्या सुमाराला पट्टा इतका रुंद होतो की सरकलेला मध्य त्याच्या पोटात झाकला जातो. धोका असतो तो मधल्या अ‍ॅपर्चरांवर. ही चूक ओळखली नाही, तर माणूस उघड्या अ‍ॅपर्चरवर बरोबर असलेला आकडा एफ/२.८ साठी बदलतो, मग उघड्यावर चुकतो, मग पुन्हा बदलतो, आणि शेवटी निर्दोष कॅमेऱ्यावर चिडतो. अशा लेन्सशी जुळवून घेण्याचा मार्ग एकच. जे अ‍ॅपर्चर आपण खरोखर वापरतो त्यासाठी ती जुळवायची, किंवा मिररलेसवर प्रत्यक्ष त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस घ्यायचा.

कोपऱ्यांची कथा वेगळी आहे. कोपरा मऊ दिसला की फोकस चुकला म्हणण्याआधी त्याच कोपऱ्यावर वेगळा फोकस घेऊन पाहावा. तो धारदार झाला, तर लेन्सचे फोकसचे प्रतल सपाट नसून वक्र आहे, आणि तो तिच्या रचनेचा भाग आहे. तो एकटाच कोपरा वेगळा फोकस घेऊनही समोरच्या कोपऱ्याइतका धारदार होत नसेल, तर आतली एखादी काच तिरपी किंवा मध्यापासून ढळलेली असण्याचा संभव मोठा. खात्रीसाठी कॅमेरा उलटा, १८० अंशांत फिरवून तोच फोटो घ्यावा. मऊ कोपरा फ्रेमच्या त्याच जागी राहिला तर दोष लेन्सकडे, आणि तो फ्रेममध्ये पलीकडच्या कोपऱ्यात गेला तर आपली मांडणीच समांतर नव्हती. लेन्स दुरुस्तीला पाठवण्याचे खरे कारण मला फार करून या एकाच चाचणीत दिसते, आणि पाठवताना हे दोन फोटो सोबत दिले तर दुरुस्ती करणाऱ्यालाही आपली तक्रार नेमकी कळते.

जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर वापरणाऱ्यांसाठी अनंताची चाचणी सर्वांत महत्त्वाची. निकॉनच्या एफ माउंटपासून (लेन्स अडकवायच्या कड्यापासून) सेन्सरचे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफपासून ४४, सोनीच्या ई माउंटपासून १८. अ‍ॅडॉप्टरची जाडी म्हणजे या आकड्यांमधला फरक, आणि त्यात दशांश मिलिमीटरची चूक काय करते त्याचा हिशेब धडकी भरवणारा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर अ‍ॅडॉप्टर हवा त्याहून ०.१ मिलिमीटर जाड निघाला, तर रिंग अनंताच्या खुणेवर टेकूनही फोकस सुमारे २५ मीटरच्या पलीकडे जात नाही. २४ मिलिमीटरच्या लेन्सवर तोच अ‍ॅडॉप्टर फोकस सहा मीटरच्याही अलीकडे अडवून धरतो. हे टाळण्यासाठी अनेक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, आणि मग रिंग अनंताच्या पुढे फिरते. ते चालण्यासारखे असते. फक्त खुणेवर विसंबून न राहता रात्रीच्या एखाद्या ताऱ्यावर किंवा खूप दूरच्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यू मोठे करून, ठिपका सर्वांत लहान होतो ती रिंगवरची जागा शोधून तिथे बारीक खूण करून ठेवावी.

निघालेले सगळे आकडे मी लेन्स, कॅमेरा, अंतर, अ‍ॅपर्चर आणि प्रकाश यांच्यासह वहीत उतरवून ठेवतो. कॅमेरा दुरुस्तीहून परत आला, त्याचा आरसा किंवा सेन्सर काढून बसवला गेला, की त्या कॅमेऱ्याच्या नावाखालचे पान रद्द धरून मांडणी पुन्हा उभी करतो. लेन्सचे विखुरलेपण मात्र मी वेगळ्या रकान्यात लिहितो, कारण ते कॅमेरा बदलला तरी बऱ्याच अंशी तसेच राहते आणि त्याचा उपयोग घराबाहेर होतो. जिचे निकाल एफ/१.४ वर पट्टीभर पसरतात, त्या लेन्सने चेहरा टिपताना मी एकाच फोटोवर थांबत नाही. दर वेळी फोकस नव्याने घेऊन लागोपाठ काही फोटो घेतो, आणि एकदाच मिळणाऱ्या क्षणी तिचे अ‍ॅपर्चर एफ/२ वर आणतो.